उजवा पाय

“परत डाव्यानेच मारलास,” तो म्हणाला.

“सवय आहे, बाबा.”

“सवयीचं मला सांगू नकोस.”

इमारतीमागच्या गॅरेजच्या भिंतीवर त्याने खडूने वर्तुळ काढलं होतं. सामन्याच्या दिवशी सकाळी कुणी असा सराव करत नाही, हे त्याला कळत होतं. तरी दहाच चेंडू म्हणून त्याने पोरीला खाली आणलं आणि पस्तीस मारायला लावले. सगळे उजव्या पायाने. त्यातले सहा वर्तुळात गेले, एक शेजाऱ्यांच्या स्कूटरला लागला.

डावा पाय तिला बापाकडून आयता मिळाला होता. त्या एका पायावर तो देशाच्या संघातून अकरा वर्षं खेळला. याचा उजवा पाय फक्त बसमध्ये चढायला, असं सोबतचे खेळाडू म्हणत, आणि तोही हसे. मग एका उपांत्य सामन्यात, शेवटच्या मिनिटाला, समोर गोल मोकळा असताना चेंडू त्याच्या उजवीकडे आला. तो डाव्या पायावर घेण्यात त्याने अर्धा क्षण घालवला आणि बचावपटू आडवा आला. देशाने त्याला परत बोलावलं नाही. एकवीस वर्षं झाली, तरी केस कापताना न्हावी हटकून विचारतो, “साहेब, उजव्याने का नाही मारलात?”

म्हणून गेले सहा महिने तो तिच्या उजव्या पायाच्या मागे हात धुऊन लागला होता.

ते वर आले तेव्हा बायको इस्त्री करत होती. त्याचं निळं जाकीट, मग पोरीचा पिवळा शर्ट.

“जिंका नाहीतर हरा,” ती म्हणाली, “संध्याकाळी जेवताना फुटबॉलचा विषय नको. घरातलं घरात, मैदानातलं मैदानात. आज तर अजिबातच नको.”

“बरं,” दोघंही म्हणाले. या एका बाबतीत बापलेकीचं तिच्यापुढे काही चालत नसे.

पोरगी आधी निघाली. ती बापाच्या गाडीतून मैदानावर कधीच जात नसे. लोक काय म्हणतील, असं तिने सुरुवातीलाच विचारलं होतं आणि त्याला ते पटलं होतं.

क्लबच्या कचेरीत अध्यक्ष त्याची वाट बघत होते.

“बसा, सर. लहानपणी तुमच्या डाव्या पायासाठी मी शाळा बुडवलीय. पण सलग चार सामने गेले. समितीचं म्हणणं, आज बरोबरी झाली तरी तुम्ही राहता. हरलो तर मात्र…”

“कळलं.”

“मला वाईट वाटतंय हो.”

“तुमचा इलाज नाही,” तो म्हणाला. याआधी दोन क्लबांनी त्याला असाच निरोप दिला होता. तेव्हा तो चाळिशीत होता. आता पन्नाशी उलटली होती, आणि चौथा क्लब विचारायला येणार नाही हे सांगायला ज्योतिषी नको होता. आयुष्यभर एकच काम आलं, तेही गेलं तर सकाळी उठून करायचं काय, याचीच त्याला खरी भीती वाटत होती.

कपडे बदलायच्या खोलीत त्याने फळ्यावर बाण काढून मुलींना सगळं समजावलं. ‘खांब’ म्हणून सगळ्या जिला हाक मारत, त्या उंच कर्णधार मुलीने नाड्या बांधता बांधता विचारलं, “सर, आणखी काही?”

त्याने जरा वेळ फळ्याकडे पाहिलं.

“नाही. मागच्या सामन्यांत जे दिसलं ते सांगून झालं.”

सामना रटाळ झाला. पूर्वार्धात पोरीला चार वेळा चेंडू मिळाला. चारही वेळा ती डावीकडे वळली आणि चारही वेळा अडली. रेषेशी उभा राहून त्याने ओठ चावले, पण हाक मारली नाही.

उत्तरार्धातही गोल होईना. खांबने हवेतले दोन चेंडू डोक्याने परतवले. मागच्या खुर्चीत अध्यक्ष सारखं घड्याळ बघत होते. दोन मिनिटं उरली. शून्य-शून्य. दोन मिनिटं अशीच सरली की नोकरी शाबूत. तो मनातल्या मनात सेकंद मोजू लागला.

तेवढ्यात कुणाच्या तरी पायाला लागून चेंडू उडाला आणि पोरीसमोर पडला. तिच्या डावीकडे दोघी उभ्या होत्या. चेंडू उजवीकडे होता. एकवीस वर्षांपूर्वी होता, तसाच.

त्याचं मोजणं थांबलं.

पोरीने अर्धा क्षणही घालवला नाही. उजवा पाय उचलला आणि मारला.

चेंडू जाळीत गेला तेव्हा आपण कधी उडी मारली, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. दोन्ही हात वर होते, आणि घशातून निघालेली तसली आरोळी त्याने स्वतःच्या एकाही गोलला ठोकली नव्हती. भरल्या डोळ्यांना पिवळे शर्ट पोरीवर कोसळताना दिसले. अलीकडे खांब गुडघ्यांवर बसली होती. मग आपल्या मागे अगदी शांत आहे, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने वळून पाहिलं. बाकावर त्याच्या संघाच्या सात मुली, निळ्या शर्टांत, जागच्या जागी बसून त्याच्याकडे बघत होत्या, आणि अध्यक्ष खुर्चीतून सावकाश उठत होते.