स्वखुशीनं

बहिणीच्या हातात पेन कोंबत थोरला भाऊ म्हणाला, “कर सही. उगाच सगळ्यांचा खोळंबा नको.”

तिनं पेन टेबलावर आपटलं. नोंदणी कार्यालयातल्या बाकांवरची माणसं माना वळवून बघू लागली.

वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. घरावर आई, दोन मुलगे आणि मुलगी असा चौघांचा हक्क होता. मुलग्यांनी घर विकायला काढलं होतं. त्यासाठी आईनं आणि बहिणीनं आपापले हिस्से त्यांच्या नावे सोडून द्यायचे. मग आईनं सहा महिने थोरल्याकडे आणि सहा महिने धाकट्याकडे राहायचं. लेक शाळेची व्हॅन चालवायची आणि आईजवळच राहायची. तिनं कुठं जायचं, याचा विचार कुणी केलाच नव्हता. वर्षभर ती भावांशी कडाकडा भांडली होती. काल आई एवढंच म्हणाली, “उद्या चल. माझ्यासाठी.” म्हणून ती आली होती, चरफडत.

“आई म्हणजे काय सामान आहे, इकडून तिकडे हलवायला?” ती भावांवर तडकली. “ती माझ्याजवळ राहील. तिचं औषधपाणी, पथ्य, सगळं मी बघते. तिला काय हवं ते मला ठाऊक आहे.”

“आणि आम्ही काय परके?” धाकटा उसळला. तो दातांचा डॉक्टर, एरवी कधी आवाज चढवत नसे. “आईनं कधीच होकार दिलाय. तूच एकटी आडवी येतेयस.”

आई मधल्या खुर्चीत बसली होती. भांडण तिच्या डोक्यावरून चाललं होतं. तीस वर्षं ती रुग्णालयात परिचारिका होती, आरडाओरडा तिला नवा नव्हता. तिनं चष्मा पुसला आणि कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून काढला.

“ताई, तुम्ही जरा थांबा. आधी आजींचं घेऊ,” अधिकारी लेकीला म्हणाला. मग त्यानं दिवसातून पन्नासदा विचारायचा तो प्रश्न मान वर न करताच विचारला. “आजी, स्वखुशीनं सही करताय ना? कुणाचा दबाव नाही ना?”

“आहे,” आई म्हणाली.

अधिकाऱ्यानं मान वर केली. “कुणाचा?”

“या तिघांचा.”

“तिघांचा?” लेकीचा कानांवर विश्वास बसेना.

थोरला कावराबावरा झाला. “अगं आई, हे घरी नाही का बोलायचं?”

“घरी मला विचारलं कुणी? तुम्ही दोघं मला सांगत होता आणि ही माझ्या वतीनं बोलत होती. आज पहिल्यांदा कुणीतरी विचारलंय.”

अधिकाऱ्यानं हातातला शिक्का खाली ठेवला. “मग तुमचं म्हणणं काय, आजी?”

“मी हिस्सा सोडणार नाही. विकणारही नाही. रीतसर वाटणी करा. मला माझी चौथाई वेगळी हवी. रस्त्याकडची खोली, स्वतंत्र दार आणि दाराला आतून कडी.” तिनं कागद थोरल्याकडे सरकवला. “आणि मी कुणाकडेही राहायला जाणार नाही.”

लेकीचे डोळे भरून आले. “म्हणजे मीसुद्धा नको तुला?”

“असं कोण म्हणतं? भिंतीपलीकडेच तर असशील. रोज ये की,” आई म्हणाली. “पण दार वाजवून.”