महावीराची चेन

जुन्या सुपरहिरो मालिकेचा नवा भाग छेडछाडीवर होता. हिरो तोच, पोशाख तोच, पोट तेवढं नवं. “परवानगीशिवाय बाईला हात लावशील तर याद राख!” तो कॅमेऱ्यासमोर गरजला. सेटवर टाळ्या पडल्या.

कपडेपट सांभाळणाऱ्या शैलाने तोंड वाकडं केलं. सकाळी तिने पोशाखाची चेन लावून दिली, तेव्हा याच शूरवीराने वळून तिच्या कमरेला चिमटा काढला होता.

जेवणाची सुट्टी होताच तो मांड्या आवळत धावत आला. “शैले, चेन काढ लवकर! लघवीला लागलीये.” चेन पाठीवर होती आणि जग वाचवणाऱ्याचा हात तिथवर पोचत नव्हता.

“परवानगीशिवाय कसा लावू हात?”

“अगं, दिली परवानगी!”

“तुमची झाली, सर. माझी कुणी विचारली?” म्हणत शैलाने डबा उघडला.