चौऱ्याण्णव टक्के

म्हातारा दाराशी चपला काढून वर्गात आला आणि सरळ जमिनीवर बसला. लुंगीसारखा, कडक इस्त्रीचा करडा सुलु नेसलेला, वर पांढरा सदरा, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली यांगोनाची मुळं. ती त्यानं दोन्ही हातांनी पुढे ठेवली. नववीची चाळीस मुलं एकदम गप्प झाली. मुळं घेऊन कोणी असं जमिनीवर बसलं, की तो माफी मागायला आलाय, हे फिजीत शेंबड्या पोरालाही कळतं.

"मी आपेनिसा, लानियानाचा आजा," तो मान खाली घालून म्हणाला. "शुक्रवारी अपराध सगळ्या वर्गासमोर निघाला. म्हणून माफीही इथंच मागतो, मॅडम."

वासिती मॅडम खुर्चीतच अवघडून राहिल्या. सावुसावूच्या या शाळेत त्या बारा वर्षं इंग्रजी शिकवत होत्या. यंदा शाळेनं संगणकावर एक तपासनीस बसवला होता. मुलांच्या वहीतल्या निबंधाचा फोटो त्यात टाकला, की निबंध माणसानं लिहिलाय की यंत्रानं, हे तो टक्क्यांत सांगायचा. लानियानाच्या निबंधापुढे आकडा आला, चौऱ्याण्णव टक्के यंत्र. वासितीनं तिला उभं केलं होतं.

"बेटावरच्या पोरीला असलं इंग्रजी येतं कुठून? यंत्राचं उष्टं माझ्या पानात वाढताना लाज नाही वाटली?"

वर्ग खो खो हसला होता. लानियाना खाली बघत उभी राहिली, एक अक्षर बोलली नाही. त्या गप्प राहण्यालाच वासितीनं कबुली धरलं आणि वहीवर शून्य काढलं. वास्तविक वासिती स्वतः बेटावरच्या असल्याच गावात वाढलेली. मोठ्या माणसाला उलटून बोलायचं नसतं, हे तिलाही आईनं चापट्या मारून शिकवलं होतं.

"पोरीची चूक नाही," म्हातारा पुढे म्हणाला. "यंत्र यंत्र म्हणून ती दोन दिवस रडतेय. मी खूप विचार केला. आमच्या घरात साधा रेडिओ आहे, तोही बंद. मग माझ्या लक्षात आलं. मॅडम, ते यंत्र म्हणजे मीच."

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं.

"मी तीस वर्षं खोबऱ्याच्या बोटीवर कारकून होतो. कप्तानाला पत्रात खाडाखोड खपायची नाही. तीच खोड मला लागली. वादळात आमचं घर गेलं, त्यावर तिनं लिहिलं. लिहिलं सगळं तिनंच. पण वाक्य वाकडं दिसलं की मी कागद फाडायचो, पुन्हा लिही म्हणायचो. एकेक वाक्य तीन-तीनदा. असं करायचं नसतं, हे मला ठाऊक नव्हतं. शिक्षा करायची तर मला करा."

 वासिती खुर्चीवरून उठली आणि म्हाताऱ्यासमोर जमिनीवर बसली. मुळं नाकारली असती तर त्याचा अपमान झाला असता. तिनं मुळांना हात लावला आणि स्वीकारल्याची रीत म्हणून खोलगट तळव्यांनी तीनदा टाळी वाजवली.

"हे मी ठेवून घेते, आजोबा. पण माफी मी मागायची, तुम्ही नाही. शून्य मी काढून टाकते."

आपेनिसाचा चेहरा उजळला. त्यानं सदऱ्याच्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. गेल्या सत्राचं प्रगतिपुस्तक होतं ते. कोपऱ्यांना अजून खळ चिकटलेली होती.

"एवढं एक काम करा मग. हे तिनं बिछान्याच्या वर भिंतीला लावलं होतं. तुमच्या या तीन ओळी वाचूनच ती लिहायला लागली. शुक्रवारी आली आणि ओरबाडून काढलं. म्हणते, खोटं आहे. तिला एकदा तुमच्या तोंडून ऐकू दे."

वासितीनं कागद हातात घेतला. 'लानियानाच्या लेखनात मनापासूनचा जिव्हाळा आहे. तिचा आवाज तिचा स्वतःचा आहे. तो तिने जपावा.' खाली तिची सही.

सत्राचा शेवटचा दिवस तिला आठवला. चुलतबहिणीचं लग्न सुव्हाला, बोट चारला सुटायची, आणि चाळीस प्रगतिपुस्तकं कोरी. तिनं संगणकाला मुलांची नावं आणि मार्क दिले होते. दोन मिनिटांत त्यानं सगळे शेरे लिहून दिले. तिनं नुसत्या सह्या ठोकल्या होत्या.

बाकावर बसलेल्या लानियानानं शुक्रवारपासून पहिल्यांदाच मान वर केली होती. ती थेट मॅडमकडे बघत होती. नुसतं 'खरं आहे' म्हटलं की झालं. म्हातारा समाधानानं घरी गेला असता. कागद पुन्हा भिंतीवर लागला असता. वासितीनं तोंड उघडलं, पण तो शब्द काही निघेना.

"आजोबा," ती शेवटी म्हणाली, "सही तेवढी माझी आहे. या ओळी यंत्रानं लिहिल्या."

म्हाताऱ्याला नीट उमगलं नसावं. त्यानं वाकून कागदावरची सही पुन्हा पाहिली.

"आणि लानियाना, तुझा निबंध मी अजून वाचलेलाच नाही. मी फक्त आकडा वाचला."

 वासिती जमिनीवरच बसून होती, प्रगतिपुस्तक मांडीवर धरून. मग मागच्या बाकावरून एक मुलगी अगदी हलक्या आवाजात म्हणाली,

"आमच्या ओळीपण का, मॅडम?"