खूनवाल्या बाईंचं होड्यांचं पुस्तक

“नाव सांगा,” अध्यक्ष म्हणाले. “एवढं एक नाव सांगा आणि घरी जा.”

“आणि नाही सांगितलं तर?” बाईंनी विचारलं.

होड्या बांधणाऱ्या सुतारांच्या संघाची सभा शेडमध्येच भरली होती. अर्धवट बांधलेल्या होडीला लागून बाकं मांडली होती. आत येताना बाईंनी त्या होडीच्या फळ्यांवरून सहज हात फिरवला होता, तेवढ्यावरूनही कोणीतरी खाकरलं होतं.

बाईंच्या नावावर आठ रहस्यकादंबऱ्या होत्या. लोक त्यांना ‘खूनवाल्या बाई’ म्हणत, आणि त्यात थट्टेपेक्षा कौतुकच जास्त होतं. पण गेल्या महिन्यात त्यांचं नववं पुस्तक आलं आणि सगळं बिनसलं. त्यात एकही खून नव्हता. लाकूड कसं निवडायचं, वाफेवर फळी कशी वाकवायची, सांध्यात कापूस ठासून पाणी कसं अडवायचं, शीड कसं शिवायचं, सगळं चित्रांसकट दिलं होतं. संघाबाहेर जाऊ न दिलेली विद्या आता दुकानाच्या काचेत मांडून ठेवली होती.

“ज्याने तुम्हाला हे सांगितलं, त्याला संघातून काढायचं ठरलंय,” अध्यक्ष म्हणाले. “तुमच्याशी आमचं भांडण नाही. खुनाचं लिहा ना! आम्ही आवडीने वाचतो. त्या दीपगृहाच्या गोष्टीत खुनी कोण, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. तो डॉक्टरच कसा निघाला हो?”

“आता नीटसं आठवत नाही,” बाई म्हणाल्या. “आणि मला कोणी काही सांगितलेलं नाही. वडील घरामागे होड्या बांधायचे. फळीचं दुसरं टोक मी धरायचे. पुढे त्यांची नजर गेली, तेव्हा दोन्ही टोकं मीच धरली.”

बाकांवर हशा पिकला.

“बाईमाणूस होडी बांधतं म्हणे!” मागून कोणीतरी म्हणालं.

तेवढ्यात मुकादम उठला. मुकादम म्हणजे बाईंचा सख्खा थोरला भाऊ. पुस्तक आल्यापासून त्याने बहिणीचं तोंड बघणार नाही असं चारचौघांत सांगितलं होतं. आजची सभाही त्याच्याच आरड्याओरड्याने भरली होती.

“हसू नका,” तो म्हणाला. “मी तपास करतो. काका, उभे राहा.”

कोपऱ्यातले म्हातारे काका उठले. हात थरथरायला लागल्यापासून त्यांचं काम सुटलं होतं, पण ते शेडमागच्या खोलीतच राहत होते. ती खोली गेली असती, तर त्यांना दुसरं छप्पर नव्हतं.

“या बाई तुमच्याकडे येतात?”

“येतात. बसतात. चहा घेतात.”

“दार उघडं असतं की बंद?”

“उघडं. वारा लागतो म्हणून.”

“म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला सगळं ऐकू जातं. होड्यांचं बोलणं कधी कोणी ऐकलंय?” मुकादमाने बाकांकडे पाहिलं. दोघातिघांनी नकारार्थी माना हलवल्या.

“तुम्ही वकीलच व्हायला हवं होतं,” अध्यक्ष म्हणाले.

बाई ओठ घट्ट मिटून खालच्या भुशाकडे बघत राहिल्या.

“मी काही सांगितलं नाही,” काका म्हणाले. “पण तिने विचारलं असतं, तर सांगितलं असतं! सगळं सांगितलं असतं. माझ्याबरोबर मातीत घालून काय करू ते?”

एकच गलका झाला. “काढा त्यांना!” म्हणून दोघेतिघे उभे राहिले. बाई पुढे झाल्या आणि काकांच्या समोर उभ्या ठाकल्या.

“त्यांच्या खोलीला हात लावून बघा,” त्या म्हणाल्या. “पुस्तक मी लिहिलंय. जे काय करायचं ते माझं करा.”

“मग माफी मागा. पुस्तक मागे घ्या,” अध्यक्ष म्हणाले.

“एक ओळ मागे घेणार नाही. उलट पुढच्या आवृत्तीत चित्रं वाढवणार आहे. ज्याला होडी बांधायची असेल त्याने बांधावी. मुलीने बांधावी, सुनेने बांधावी. तुमची परवानगी लागत नाही, लाकूड लागतं!”

अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. ते काही बोलायच्या आत मुकादमाने टेबलावर हात आपटला.

“गुन्हा कबूल झालाय! आता म्हाताऱ्याच्या मागे लागून काय मिळणार? हिलाच बंदी घाला. या शेडमध्ये हिने पुन्हा पाऊल टाकायचं नाही. माझी बहीण आहे म्हणून मुलाहिजा नको.”

हे सगळ्यांना पटलं. सख्खा भाऊच म्हणतोय म्हटल्यावर आणखी काय हवं? हात वर झाले. काकांचा विषय तिथेच बाजूला पडला.

“घाला बंदी,” बाई म्हणाल्या. “पुस्तकाला फाटक अडवत नाही.”

काकांना नमस्कार करून त्या ताठ मानेने निघाल्या. हिला बाहेर काढूनच येतो, असं म्हणत मुकादमही मागोमाग निघाला.

फाटकाशी पोचल्यावर त्याने शेडमध्ये ऐकू जाईल अशा आवाजात बहिणीला दम भरला. “पुन्हा इथे दिसलीस तर याद राख!”

मग फाटक लावता लावता तो हळूच म्हणाला, “नवी कादंबरी लिहून झाली. उद्या वहिनी घेऊन येईल. नेहमीसारखी तुझ्या नावाने छापायला दे.”

“या वेळी कोणाला मारलंस रे दादा?”

दादाने एकदा शेडकडे वळून पाहिलं.

“अध्यक्षांना.”