साहेबाचं घर

दीडशे वर्षांपूर्वी फुलपाखरं धरत फिरणारा एक साहेब आमच्या लवंगांच्या बेटावर राहून गेला. त्याच्या वाटेनं निघालेले पाहुणे अजूनही बंदरावर उतरून विचारतात, "तो राहायचा ते घर कुठलं?"

ते घर कधीच समुद्रात गेलं. पण इथं घरातलं माणूस वारलं, की चाळिसाव्या दिवसाच्या दुआपर्यंतच लोक येतात. मग ओटा ओस पडतो. म्हणून पाहुण्याला त्याच ओट्यावर न्यायचं आणि दारातूनच हाक मारायची, ही माझी युक्ती.

"हालिमाचाची, कॉफी टाक! साहेब तुझ्याकडंच उतरला होता म्हणे!"

परवा माझ्या बायकोचा चाळिसावा झाला. आज रुस्लान नावाडी एका पाहुण्याला घेऊन माझ्या दारात आला.



"चाचा, कॉफी टाका," तो माझ्याकडं न बघताच म्हणाला. "साहेब तुमच्याकडंच उतरला होता म्हणे."