बॉनेटला हात लावायचा नाही

मोहोळकर पुन्हा माझ्या गाडीच्या बॉनेटशी वाकले होते. मी गॅलरीतूनच खेकसलो, "काय बघताय?"

"अलार्म घरीच बसवलात ना? वायर चुकीची जोडलीय. म्हणून रोज बॅटरी उतरते."

शेजाऱ्याला माझ्या वायरींशी काय करायचंय? गाडी सेकंडहँड, अठरा वर्षांची. पण चोरांना अशाच सोप्या पडतात, आणि चोर काही लांबून येत नाहीत. रोज सकाळी धक्का मारायला मोहोळकर, वॉचमन आणि वरच्या मजल्यावरचे दोघे भाऊ न बोलावता धावत येतात. एवढा उत्साह उगाच असतो का? मी आत बसून आरशात चौघांचे हात बघत राहतो आणि भर रस्त्यात ओरडतो, "मागून ढकला! बॉनेटला हात लावायचा नाही!"

रविवारी कटिंग करून परत आलो, तर पार्किंगची जागा रिकामी. मोहोळकर घाम पुसत उभे. मी सरळ त्यांची कॉलरच धरली.

"गाडी कुठाय?"

"अहो, तुमचा मेकॅनिक घेऊन गेला! अलार्म बोंबलत होता, गाडी सुरू होईना. शेवटी आम्ही चौघांनी नेहमीसारखी ढकलून दिली."

"माझा कुठलाही मेकॅनिक नाही! तुम्ही विश्वास ठेवलात कसा?"

मोहोळकरांनी हळूच कॉलर सोडवून घेतली.

"तो म्हणाला, साहेबांनी बजावलंय, मागून ढकला, बॉनेटला कोणी हात लावायचा नाही. मग आमची खात्रीच पटली, की तुम्हीच पाठवलाय."