अख्खं छप्पर

स्क्रीनवर बूट दिसत होते. तपकिरी, डाव्याची नाडी सुटलेली. चार मिनिटं झाली तरी बूटच.

“बाबा, हे काय आहे?” मुलीने विचारलं.

“माझे बूट,” मिस्त्री म्हणाले. खोटं कशाला बोलायचं?

घोळ दोघांच्याही लक्षात आला. सकाळी कारखान्याच्या आवारात ड्रोन जमिनीवर असतानाच त्यांनी रिमोटवरचं लाल बटण चालतंय का ते बघायला एकदा दाबलं होतं. रेकॉर्डिंग तेव्हाच सुरू झालं. मग ड्रोन छपरावर नेऊन त्यांनी ‘सुरू’ म्हणून बटण दाबलं आणि ते बंद पडलं. पुढची वीस मिनिटं जीव मुठीत धरून एकेका पत्र्यावरून ड्रोन फिरवला, त्यातलं काहीही उमटलं नव्हतं. काम संपल्यावर ‘बंद’ म्हणून दाबलं, तेव्हा यंत्र पुन्हा इमानेइतबारे सुरू झालं होतं.

मॅनेजरला पाच वाजेपर्यंत व्हिडिओ हवा होता. पाणी कुठून गळतंय ते त्यात दिसलं तर काम मिस्त्रींचं, नाहीतर तो दुसऱ्या कोणाला तरी बोलावणार होता. आता साडेतीन झाले होते. बाहेर वारा असा सुटला होता की दोरीवरच्या चादरी आडव्या झाल्या होत्या. अशात ड्रोन उडवणं म्हणजे तो शेजाऱ्यांना दान करणंच होतं.

“राहू दे ते,” मिस्त्री उठले. “आत्ता जाऊन शिडी लावतो. पाच मिनिटांचं काम.”

कपड्यांच्या घड्या करणाऱ्या बायकोचा हात थांबला. गेल्या वर्षी पडल्यापासून मिस्त्रींच्या खुब्यात तीन स्क्रू होते आणि शिडीचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

“जा की,” ती म्हणाली. “मी स्ट्रेचर घेऊन मागून येते.”

मिस्त्री उभेच राहिले. त्यांना राग आला होता, पण तो नेमका कोणावर काढायचा ते कळत नव्हतं. छपराशिवाय त्यांना दुसरं काही येत नव्हतं.

“शेवटचा तुकडा बघायचा राहिलाय,” मुलगी म्हणाली. “बसा आधी.”

तो तुकडा चाळीस सेकंदांचा होता. ड्रोनला परत बोलावलं की तो आधी सरळ उंच जातो, वाटेतल्या झाडा-तारांच्या वर, आणि मग निघतो. कॅमेरा खाली वळवलेला तसाच राहिला होता. स्क्रीनवर आधी दोन पत्रे होते, मग दहा, मग पन्नास. होता होता कारखान्याचं छप्पर चारही कडांसकट चौकटीत मावलं.

“थांबव,” मिस्त्री म्हणाले.

तिने थांबवलं. ते खुर्ची ओढून इतके पुढे झाले की नाक स्क्रीनला लागायचं बाकी राहिलं.

“प्रत्येक जोडाशी बारीक सावली आहे, दिसते? एक पत्रा दुसऱ्यावर चढतो तिथे. आता इथे बघ. एक, दोन, तीन... या सातांना सावलीच नाही.”

“म्हणजे?”

“उलटे बसवलेत. लावणाऱ्याने या टोकाकडून सुरुवात केली असणार. जोडाचं तोंड वाऱ्याकडे आहे, पाऊस सरळ आत शिरतो.” ते मागे टेकले. “दोनदा चढलो होतो मी यावर. दोन्ही वेळा डांबर फासून उतरलो. गुडघ्याखाली जेवढं दिसायचं तेवढंच छप्पर. अख्खं छप्पर असं कधी पाहिलंच नव्हतं.”

त्यांना फार आनंद झाला होता, आणि थोडी लाजही वाटत होती.

मुलीने माऊस त्यांच्याकडे सरकवला. “आता कापा. मी हात लावणार नाही.”

पहिल्या प्रयत्नात त्यांनी बूट ठेवले आणि छप्पर उडवलं. ते परत आणायला दोघांना दहा मिनिटं लागली. मग चित्र गोठवून सात पत्र्यांभोवती खूण करायला गेले, तर तिथे भला मोठा लाल बदाम येऊन बसला.

“मॅनेजरला बदाम पाठवताय?” बायकोने मागून विचारलं. ती कधी येऊन उभी राहिली होती ते दोघांनाही कळलं नव्हतं.

बदाम काढून गोल आला. मिस्त्रींनी खाकरून आपल्या आवाजात सात पत्र्यांची हकिकत सांगितली, दोनदा अडखळले, तसंच ठेवलं. पाचला आठ मिनिटं कमी असताना व्हिडिओ गेला.

सव्वापाचला मॅनेजरचा फोन आला. “मिस्त्री, सोमवारपासून माणसं लावा. आणि शनिवारी मागच्या दोन गोदामांचंही बघून द्या. वर कोणाला चढवलं होतं?”

“कोणालाच नाही,” मिस्त्री म्हणाले, आणि फोन ठेवल्यावरही थोडा वेळ तसेच हसत बसले.

“पण शनिवारी एकट्याने उडवायचं नाही,” मुलगी म्हणाली. “तुमचे डोळे स्क्रीनमध्ये असतात. आज तारेला घासता घासता वाचला. ड्रोनकडे बघणारं दुसरं माणूस हवंच, आणि मला तर सुट्टी नाही.”

मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. “येशील?”

“मी काय करायचं तिथे?”

“खाली उभं राहायचं. ड्रोन सुखरूप उतरेपर्यंत वर बघत राहायचं. नजर हटवायची नाही.”

तिने चादरीची शेवटची घडी घातली.

“ते मला शिकवू नका,” ती म्हणाली. “तीस वर्षं तेच केलंय. या वेळी तुम्ही शेजारी असाल, एवढंच.”